पद्मिनीचे बुश: रबर फिरत नाही, पीळ घेतं

जुनी प्रीमियर पद्मिनी घेणाऱ्याची पहिली तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते: इंजिन झकास आहे, पण खालून खटखट येते. मग शॉकअप बदलले जातात, कारण ते दिसतात आणि सगळ्यांना माहीत असतात. खटखट तशीच राहते. मग कोणीतरी पाट्यांवर, म्हणजे मागच्या ॲक्सलला धरणाऱ्या, पानावर पान रचलेल्या कमानदार स्प्रिंगांवर, जळकं ऑइल मारून देतं. आठवडाभर शांतता, आणि नंतर आधीपेक्षा जास्त आवाज. दोष बऱ्याचदा असतो पाट्याच्या टोकाला बसवलेल्या, मुठीत सहज मावेल एवढ्या रबरी बुशमध्ये. आणि ते जळकं ऑइल त्याच बुशचं उरलंसुरलं आयुष्य संपवून गेलेलं असतं.

मागच्या पाट्यांचे बुश घरी बदलता येतात. त्यासाठी मोठं गॅरेज लागत नाही. चांगली हत्यारं, सपाट जागा आणि मोकळा शनिवार-रविवार पुरतो. पण एक गोष्ट नीट समजून घेतली नाही, तर नवा बुशही वर्षभरात फाटतो आणि दोष पार्टवर जातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडं बुशविषयी.

आत काय चालतं

बुश म्हटला की आपल्याला दाराची बिजागरी आठवते: आत खिळा, बाहेर नळी, एक दुसऱ्यावर फिरते आणि करकरायला लागली की तेल सोडायचं. रबरी बुशचं काम याच्या अगदी उलट आहे. त्यात आतली लोखंडी नळी बोल्टने बॉडीच्या पत्र्यांमध्ये गच्च आवळलेली असते, त्यामुळे ती फिरत नाही. बाहेरची नळी पाट्याच्या गोल टोकात ठोकून बसवलेली असते, त्यामुळे तीही फिरत नाही. पाटा वरखाली झाला की मधलं रबर काही अंश पीळ घेतं आणि सोडतं. कुठेही काही घासत नाही. घासत नाही म्हणून झीज नाही, आवाज नाही आणि ग्रीसही लागत नाही.

ही हुशारी रबराच्या एका गुणामुळे जमते. रबर मऊ असलं तरी त्याचं आकारमान दाबून कमी करता येत नाही. एका बाजूने दाबलं की ते दुसऱ्या बाजूने फुगतं. दोन नळ्यांच्या मध्ये कोंडलं की फुगायला जागा उरत नाही, म्हणून आडव्या दाबाला ते चांगलंच कडक राहतं. पीळ देताना मात्र आकारमान बदलावं लागत नाही, म्हणून त्या दिशेने ते मऊ. एकच तुकडा चाकाला जागेवर धरून ठेवतो, त्याला वरखाली जाऊ देतो आणि रस्त्याची बारीक थरथर बॉडीपर्यंत पोचूही देत नाही.

रबर म्हातारं होतं ते तीन-चार मार्गांनी. हवेतल्या ऑक्सिजनने कडक होतं. ओझोनमुळे भेगा पडतात, आणि त्या ताणलेल्या रबरालाच पडतात. सैल पडून असलेल्या रबराला तितक्या नाहीत. हा ताणलेपणाचा मुद्दा पुढे बोल्ट आवळताना कामाला येणार आहे. तिसरं कारण खनिज तेल. इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस यांनी नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडापासून सुटतं. पाट्यांवर मारलेलं ऑइल ओघळत टोकाशी जातं आणि नेमकं बुशवरच जमा होतं. आठवडाभराच्या शांततेची किंमत ती.

मागचे पाटे एवढे महत्त्वाचे का

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. पुढच्या बाजूला चाकाला बॉडीशी जोडणारे आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळसोट ॲक्सल आणि त्याला धरणारे दोन पाटे. या मांडणीत पाटा नुसता स्प्रिंग नसतो. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून दुसरे आर्म किंवा रॉड मागे नाहीतच. इंजिनचा जोर चाकांपर्यंत गेला की चाकं गाडीला पुढे ढकलतात. तो धक्का पाट्याच्या पुढच्या टोकातून, तिथल्या बुशमधून बॉडीला मिळतो. ब्रेक मारला की तोच बुश उलट दिशेने ओढला जातो.

पाट्याचं मागचं टोक शॅकलवर, म्हणजे बॉडीला लटकलेल्या हलत्या लोखंडी दुव्यावर, झुलतं. भार आला की कमान सपाट होते आणि दोन टोकांमधलं अंतर वाढतं, त्या वाढलेल्या अंतराची सोय शॅकल करतं. म्हणजे शॅकलच्या बुशला हालचाल जास्त, पुढच्या बुशला जोर जास्त. शॅकलचा बुश गेला तर मुख्यतः आवाज येतो. पुढचा गेला तर गाडी सरळ चालत नाही.

किती फरक पडतो ते कागदावर मांडून बघा. समजा, एका बाजूच्या पुढच्या बुशमध्ये २ मिलिमीटर खेळ झालाय आणि त्या बाजूचं चाक तेवढं मागे सरकलंय, दुसरं जागेवर आहे. दोन मागच्या चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर. ॲक्सल एका अंशाच्या दहाव्या भागाएवढा तिरपा झाला. क्षुल्लक वाटतं. पण तिरपा ॲक्सल म्हणजे मागून वळवलेलं स्टिअरिंग. पद्मिनीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.३४ मीटर धरला, तर पुढची चाकं सरळ ठेवूनही गाडी सुमारे दीड किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालू लागते आणि १०० मीटरमध्ये तीन मीटरहून जास्त बाजूला जाते. महामार्गावरची एक लेन साडेतीन मीटरची असते. प्रत्यक्षात ड्रायव्हर नकळत स्टिअरिंग सावरतो. वैताग याचा असतो की ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल एकीकडे, सोडला की दुसरीकडे, ब्रेकवर तिसरीकडे. सावरायचं तरी किती? "जुनी गाडी आहे, थोडी पोहतेच" असं म्हणून लोक हे वर्षानुवर्षं सोसतात. जुनी म्हणून पोहत नाही ती. नव्याने कारखान्यातून निघाली तेव्हा सरळच चालत होती.

दोष कुठे आहे ते आधी शोधा

गाडी चाकांवर उभी असताना खाली बॅटरी मारून बघा. निरोगी बुशमध्ये बोल्ट गोलाच्या बरोबर मध्यभागी दिसतो. बोल्ट एका बाजूला टेकलेला, रबर दुसऱ्या बाजूने फुगून बाहेर आलेलं, कडेला काळी भुकटी किंवा लोखंडाला लोखंड लागून चमकलेला पत्रा दिसला, की निदान झालं. वरवरच्या बारीक भेगांवर मात्र लगेच निकाल देऊ नका. आतलं रबर शाबूत असतानाही कड भेगाळते. टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवून बघा: रबर दबून परत जागेवर आलं तर ठीक, खट्कन आवाज करून सरकलं तर बदला.

कुरकुर नेमकी कुठून येते हे सापडत नसेल, तर एकेका बुशवर साबणाचं पाणी फवारा आणि कोणाला तरी डिकीवर दाब देत गाडी झुलवायला सांगा. ज्या बुशवर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली, तोच गुन्हेगार. पाणी वाळून जातं, रबराचं काही बिघडत नाही.

याच वेळी पाटाही तपासा. कमान पार सपाट झाली असेल, मधलं एखादं पान तुटलं असेल, तर नवे बुश घालून गाडी उचलली जाणार नाही. त्यासाठी पाटे काढून पाट्यांचं काम करणाऱ्याकडे न्यावे लागतील. ट्रकची वर्दळ असलेल्या प्रत्येक रस्त्यावर असा कोणीतरी असतोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाट्याचं पुढचं टोक जिथे बॉडीला लागतं तिथला पत्रा. पद्मिनीला वेगळी चेसी नाही, बॉडीच भार घेते. मुंबईत किंवा कोकणात आयुष्य काढलेल्या गाडीत हा भाग आतून गंजून पापड झालेला असू शकतो. पेचकस टोचून बघा. आत गेला तर बुशचा विषय बाजूला ठेवा, आधी वेल्डिंग.

पुढचं काम घरी नको

पुढच्या आर्मचे बुश बदलायला कॉइल स्प्रिंग काढावी किंवा बांधून धरावी लागते. गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास. आर्मच्या लिव्हरमुळे स्प्रिंगवर चाकाच्या वाट्याच्या वजनापेक्षाही जास्त जोर असतो. काही शे किलोंनी दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती कुठे जाईल हे सांगता येत नाही, आणि वाटेत कोण उभं आहे हे ती बघत नाही. तार किंवा साखळी गुंडाळून स्प्रिंग धरण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तो बघूही नका. योग्य कॉम्प्रेसर आणि वापरणारा अनुभवी हात असेल तरच, आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यायचीच आहे, तेव्हा सरळ गॅरेजला द्या. पुढे घरी करण्यासारखं एकच: अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) बॉडीशी धरणारे रबर. गाडी चाकांवर सपाट उभी असताना चार बोल्टांचं काम आहे.

बुश आणताना

मुंबईच्या टॅक्स्यांमुळे पद्मिनीचे पार्ट वर्षानुवर्षं सहज मिळत होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर नाही, आणि तेव्हापासून दुकानातला माल हळूहळू फिरतो. ऑपेरा हाऊस किंवा पुण्याची नाना पेठ, कुठेही गेलात तरी जुना बुश सोबत न्या आणि कॅलिपरने तिन्ही मापं ताडून घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, लांबी. सालागणिक फरक निघतात. "जुना ओरिजिनल स्टॉक" ऐकून हुरळू नका. रबर खोक्यात पडूनही म्हातारं होतं. नख दाबा, खूण उमटून लगेच गेली पाहिजे. नख लाकडावर दाबल्यासारखं वाटलं तर परत द्या.

मग नायलॉन आणि पॉलियुरेथेनचा प्रश्न येतो. लेथवाल्याकडून नायलॉनचा बुश टर्न करून घेणं आपल्याकडे सर्रास चालतं: स्वस्त, तासाभरात तयार, खेळ शून्य. पण नायलॉन पीळ घेत नाही, त्यामुळे तिथे घर्षण सुरू होतं आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा त्या चाळीस-पन्नास वर्षांच्या पत्र्यात जातो. पॉलियुरेथेन त्यापेक्षा बरं. ऑइलला दाद देत नाही, टिकतंही जास्त. पण तेही नळीला चिकटवलेलं नसतं, नळी त्याच्या आत फिरते, म्हणून सोबत येणारं खास ग्रीस लावावंच लागतं आणि ते सुकलं की बुश किंचाळतो. शिवाय एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर असताना पाटा आडवाही पिळला जातो. रबर ते निमूट सोसतं, कडक बुश तो ताण बॉडीवर ढकलतो. शर्यतीच्या गाडीला चालेल. घरच्या पद्मिनीला मी रबरच घालेन, आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा बदलायची तयारी ठेवेन.

प्रत्यक्ष काम

दोन दिवस आधीपासून सगळ्या नटांवर गंज सोडवणारं ऑइल थोडं थोडं मारत राहा. हे बुश टाकूनच द्यायचे आहेत, त्यामुळे इथे तेलाची भीती नाही. नवे घालण्याआधी सगळं पुसून काढा म्हणजे झालं.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, मागून गाडी उचला आणि पाट्याच्या पुढच्या टोकाच्या आसपासच्या मजबूत भागाखाली जॅक स्टँड द्या. विटा नकोत, नुसत्या जॅकवर तर मुळीच नको. चाक काढून ते सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवं ठेवून द्या. स्टँड सरकलाच तर गाडी त्यावर येईल. ट्रॉली जॅक ॲक्सलखाली घेऊन इतकाच वर करा की शॅकल हाताने हलायला लागेल. मग पाट्यावर ना भार, ना ओढ. शॉकअपचं खालचं टोक सोडवा. ब्रेकच्या रबरी नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर ताण येत नाही ना, हे प्रत्येक टप्प्याला बघा. एका वेळी एकच बाजू करा. दुसरा पाटा ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो.

शॅकल बहुधा ऐकतं. भांडतो तो पुढचा बोल्ट. वर्षानुवर्षांच्या पावसाने तो बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. नट सुटतो, बोल्ट हलत नाही. आधी किंचित आवळा, मग सोडा, पुन्हा आवळा. गंजाची पकड अशी मोडते. हातोड्याने ठोकायचं असेल तर नट टोकावर फिरवून ठेवा, नाहीतर आटे चेपतील. तरीही नाही हलला तर हॅक्सॉचं पातं पाटा आणि पत्रा यांच्या फटीतून घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. वेळखाऊ, पण खात्रीचं. गॅसची ज्योत लावून रबर जाळण्याचा मोह टाळा. धूर विषारी असतो, आणि मागच्या बाजूला पेट्रोलची टाकी आहे.

पाट्याचं टोक खाली आलं की बुश काढायचा. आतली नळी आणि रबर ड्रिलने भोकं पाडून निघतात. उरते बाहेरची पातळ नळी. हॅक्सॉचं पातं आतून घालून तिला एक चीर द्या आणि छिन्नीने आत वळवा, ती कोसळते. चीर पाट्यात उतरू देऊ नका. स्प्रिंगच्या पोलादावरचा ओरखडा म्हणजे उद्याची भेग.

नवा बुश ठोकून बसवू नका, ओढून बसवा. आटे असलेला जाड रॉड, दोन नट, जाड वॉशर, एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीवर बरोबर बसेल अशी गोटी (सॉकेट), दुसऱ्या बाजूला बुश आत शिरू शकेल एवढ्या तोंडाची मोठी गोटी किंवा पाइपचा तुकडा. नट फिरवत गेलं की बुश सरळ आत जातो. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर. आतल्या नळीवर दिला तर रबर पहिल्याच दिवशी सुटतं. भोक सँडपेपरने साफ करा, साबणाचं पाणी लावा. शॅकलला बहुधा दोन अर्धे रबरी बुश दोन्हीकडून घालायचे असतात. ते साबणाच्या पाण्याने हातानेच जातात.

आणि आता बोल्ट

सगळं जोडून झालं, गाडी अजून स्टँडवर आहे, ॲक्सल खाली लोंबतोय. इथेच बोल्ट कचकचून आवळून चाक लावण्याची सगळ्यांना घाई असते. बरेच नवे बुश याच क्षणी मारले जातात.

आतली नळी आवळल्याक्षणी गोठते हे आठवा. ज्या स्थितीत आवळली ती स्थिती रबरासाठी शून्य. लोंबत्या पाट्यावर आवळली तर गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो, आणि गाडी नुसती उभी असतानाही तो सुटत नाही. किती? बुशपासून ॲक्सलपर्यंत साधारण अर्धा मीटर आणि ॲक्सल लोंबताना नेहमीपेक्षा ८ सेंटिमीटर खाली असेल, तर सुमारे ९ अंश. आर्म जितका आखूड, तितका हा कोन मोठा. त्यावर खड्ड्यांचा पीळ वेगळा. कायम ताणलेल्या रबराला ओझोनच्या भेगाही आधी पडतात. बुश एका बाजूने फाटत जातो आणि मालक म्हणतो, हल्ली पार्टमध्ये दम नाही.

म्हणून आधी सगळे नट हाताने टेकेपर्यंतच. मग स्टँड बॉडीखालून काढून ॲक्सलच्या नळ्यांखाली द्या, दोन्हीकडे सारख्या उंचीवर. आता गाडीचं वजन पाट्यांवर आलं, चाकांवर उभी असताना असतं तसंच, आणि खाली शिरायला जागाही आहे. डिकी दोन-चार वेळा दाबून झुलवा म्हणजे सगळं आपापल्या जागी बसेल. मगच पूर्ण आवळा, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर). सैल ठेवलं तर बोल्ट नळीत फिरून भोकं लांबट करतो, तेव्हा "रबर आहे, जपून" असं म्हणून हात आखडू नका. आवळला जातोय तो लोखंडावर लोखंड. नायलॉक नट आणि स्प्लिट पिन नव्याच घाला.

शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासा. आणि टेप घेऊन दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. दोन्ही मापं जुळायला हवीत. काही मिलिमीटरचा फरक उरला असेल, तर पाट्याला ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट ढिले करून पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नीट बसलंय का ते बघा. ते बसलेलं असूनही माप जुळत नसेल, तर बहुधा गाडीने कधीतरी मार खाल्लेला आहे, आणि ते काम डेंटरचं.